हिम की पाऊस? : पश्चिम हिमालयातील उत्तरहिवाळी वादळे आणि वितळरेषेचा प्रश्न

बीजसंज्ञा : पश्चिमी विक्षोभ, जेट प्रवाह, वितळरेषा, हिमस्खलन, अप्रकट उष्मा, पूर्वानुमान

प्रस्तावना

फेब्रुवारीच्या अखेरीस महाराष्ट्रात उन्हाची चाहूल लागते, हरभरा काढणीला येतो आणि हिवाळा संपल्याची भावना सर्वत्र असते. नेमक्या याच सुमारास पश्चिम हिमालयात वर्षातील काही अत्यंत मोठी हिमवादळे येतात. काश्मीरमध्ये हिवाळ्याचे तीन भाग मानण्याची परंपरा आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा 'चिल्लई कलान', त्यानंतर २० दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी १० दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. 'कलान' म्हणजे थोरला आणि 'बच्चा' म्हणजे शेंडेफळ. हे नामकरण थंडीच्या कडाक्यावर आधारलेले आहे, वृष्टीच्या प्रमाणावर नव्हे. श्रीनगर येथे सरासरीने सर्वाधिक वृष्टीचा महिना मार्च असतो, ही गोष्ट जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना काहीशी अनपेक्षित वाटते.

२०२५ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात असेच एक वादळ जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड या तिन्ही प्रदेशांवरून गेले. उंच भागात प्रचंड हिमवर्षाव झाला, खोऱ्यांत मुसळधार पाऊस पडला. २८ फेब्रुवारी रोजी कुल्लू शहरात नाल्यांना आलेल्या लोंढ्यांनी वाहने चिखलात गाडली आणि त्याच दिवशी पहाटे उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी, रस्ता मोकळा ठेवण्याच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. वृत्तपत्रांत या दोन घटना स्वतंत्र बातम्या म्हणून आल्या. वस्तुतः त्या एकाच वादळाच्या दोन बाजू होत्या. या बाजू कोठे विलग होतात, आणि ती जागा आधी सांगता येणे का महत्त्वाचे आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

विक्षोभाचे स्वरूप

हवामानशास्त्रात या वादळांना 'पश्चिमी विक्षोभ' असे म्हणतात. 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' हे मूळ इंग्रजी नावही आता वृत्तपत्रांमुळे परिचित झाले आहे. बंगालच्या उपसागरात उद्भवणाऱ्या चक्रीवादळाशी त्यांची गल्लत होऊ नये. चक्रीवादळ समुद्राच्या उष्णतेवर पोसले जाते, त्याचे केंद्र उबदार असते आणि जमिनीवर येताच ते क्षीण होऊ लागते. पश्चिमी विक्षोभाचा जोर मात्र वातावरणाच्या वरच्या थरांत असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. या प्रवाहाला नदीसारखी नागमोडी वळणे असतात. भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरात निर्माण झालेले असे एखादे वळण इराण व अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे सरकते. दक्षिणेकडे झुकलेल्या या वळणाला द्रोणी म्हणतात. द्रोणीच्या पुढच्या, म्हणजे पूर्वेकडील भागात हवा वर उचलली जाते आणि तेथेच ढग तयार होतात. हिवाळ्यात महिन्याला सरासरी ४ ते ७ विक्षोभ येतात. त्यांतील बहुतेक थोडे ढग आणि तुरळक सरी देऊन निघून जातात.

मोठ्या वादळासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. द्रोणी पुरेशी खोल हवी आणि बाष्पाचा पुरवठा अखंड हवा. भूमध्य समुद्रातून निघालेली ओल एवढ्या लांबच्या प्रवासात बरीचशी गळून गेलेली असते. द्रोणी खोल असेल तर तिच्या पुढचे नैर्ऋत्य वारे पर्शियन आखात आणि अरबी समुद्रावरून नवे बाष्प ओढून आणतात. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये जेट प्रवाह अद्याप दक्षिणेकडेच असतो आणि खालची हवा मात्र तापू लागलेली असते. उबदार हवेत अधिक बाष्प मावते. त्यामुळे उत्तरहिवाळी वादळाजवळ डिसेंबरमधील वादळापेक्षा पाण्याचे भांडवल अधिक असते. पुढे हिमालयाची भिंत उभीच आहे. तिच्यावर आदळून वर चढणारी हवा थंड होते आणि आपले बाष्प डोंगरावर रिते करते.

वितळरेषा

येथपर्यंतचे वर्णन पाठ्यपुस्तकांत सापडते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ढगातून निघालेले पाणी जमिनीवर कोणत्या रूपात पोचणार?

या वादळांच्या उंच, थंड ढगांत वृष्टीचा प्रारंभ बहुतांशी हिमकणांच्या रूपातच होतो. कुल्लूच्या बाजारपेठेत पडणारा पावसाचा थेंब हा काही मिनिटांपूर्वी हिमकण असतो. खाली येताना शून्य अंश तापमानाची पातळी ओलांडल्यावर तो वितळू लागतो आणि साधारणतः आणखी २०० ते ३०० मीटर खाली येईपर्यंत पूर्णपणे पाणी होतो. ज्या उंचीच्या वर हिम आणि खाली पाऊस पडतो, तिला या लेखात 'वितळरेषा' असे म्हटले आहे. भूगोलात 'हिमरेषा' ही संज्ञा कायम बर्फाच्या खालच्या मर्यादेसाठी वापरली जाते, म्हणून ती येथे टाळली आहे. (जाता जाता एक भाषिक निरीक्षण : शीतपेटीतील गोठलेले पाणी आणि आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम, या दोहोंसाठी आपण बोलताना 'बर्फ' हाच शब्द वापरतो. ज्या प्रदेशात आकाशातून पडणारे गोठलेले पाणी म्हणजे गार एवढाच अनुभव आहे, तेथे हा भेद करण्याची गरजच पडली नाही.)

उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. याचा अर्थ हवा केवळ १ अंशाने उबदार असली की वितळरेषा सुमारे १५० मीटर वर सरकते. ही रेषा वादळाच्या काळात स्थिरही राहत नाही. वादळाच्या पुढच्या भागात नैर्ऋत्येकडील उबदार हवा येत असल्याने ती वर असते. द्रोणी पुढे निघून गेल्यावर मागून थंड हवा शिरते आणि रेषा झपाट्याने खाली येते. म्हणूनच मनालीसारख्या सुमारे २,००० मीटर उंचीच्या गावी वादळाची सुरुवात पावसाने आणि शेवट हिमवर्षावाने होणे हे नित्याचे आहे.

याहून सूक्ष्म असा एक परिणाम आहे. १ ग्रॅम हिम वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते, त्यामुळे हवा थंड होते. वृष्टी जोराची असेल तर हा अप्रकट उष्मा एवढा खेचला जातो की हवेचा एक जाड थर शून्य अंशावर येऊन थांबतो आणि वितळरेषा स्वतःहून खाली उतरते. रुंद, मोकळ्या खोऱ्यात वारा नवी उबदार हवा आणून हा परिणाम पुसून टाकतो. अरुंद, बंदिस्त खोऱ्यात थंड हवा अडकून राहते. त्यामुळे शेजारच्या दोन खोऱ्यांत, एकाच उंचीवर, एकाच वेळी एकीकडे पाऊस व दुसरीकडे हिम असे दृश्य दिसू शकते. पावसाचे अचानक हिमात रूपांतर होते तेव्हा स्थानिक माणसाला वादळ शमले असे वाटण्याचा संभव असतो, कारण पत्र्यावरचा आवाज थांबतो. प्रत्यक्षात त्याच क्षणी वृष्टीचा जोर सर्वाधिक असू शकतो.

खोऱ्यातील पाणी

वितळरेषेची उंची काही शे मीटरने बदलल्यास काय होते, हे एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या उदाहरणावरून पाहू. एका नदीचे पाणलोट क्षेत्र १,००० चौरस किलोमीटर आहे आणि वादळात सर्वत्र ६० मिलिमीटर पाण्याइतकी वृष्टी झाली, असे समजा. एकूण पाणी ६ कोटी घनमीटर झाले. वितळरेषा २,००० मीटरवर असून क्षेत्राचा ७० टक्के भाग तिच्या वर असेल, तर ४.२ कोटी घनमीटर पाणी हिमरूपाने डोंगरावर राहील आणि १.८ कोटी घनमीटर पावसाच्या रूपाने पडेल. आता रेषा २,५०० मीटरवर गेली आणि तिच्या वर केवळ ४५ टक्के क्षेत्र उरले, तर पावसाचे पाणी ३.३ कोटी घनमीटर होईल. वादळ तेच, वृष्टीही तेवढीच, पण नदीकडे धावणारे पाणी जवळजवळ दुप्पट. हिमालयातील खोऱ्यांत मधल्या उंचीच्या पट्ट्यांत जमिनीचे क्षेत्रफळ मोठे असते, म्हणून तेथे रेषा थोडी सरकली तरी फरक मोठा पडतो.

पावसामुळे आधीचा बर्फ वितळतो व त्याने पूर येतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. १ चौरस सेंटिमीटर पृष्ठावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ ग्रॅम पाणी. त्याचे तापमान ५ अंश असेल, तर शून्यापर्यंत निवताना ते अवघ्या ५ कॅलरी देईल. एवढ्या उष्णतेत जेमतेम ०.६ मिलिमीटर पाण्याइतके हिम वितळते. पावसाची स्वतःची ऊब ही अगदी किरकोळ बाब आहे. खरे काम दमट वारा करतो. हवेतील १ ग्रॅम बाष्पाचे हिमाच्या पृष्ठावर सांद्रीभवन झाले, तर सुमारे ६०० कॅलरी मुक्त होतात आणि त्यांत ७ ग्रॅमहून अधिक हिम वितळते. कोरड्या थंड हवेतील पाऊस म्हणूनच फारसा धोकादायक नसतो; उबदार, दमट आणि वेगवान वाऱ्यासह आलेला पाऊस मात्र असतो. त्यातही हिवाळ्याच्या अखेरीस खालच्या उतारांवरील हिमाचा थर शून्य अंशापर्यंत आलेला आणि पाण्याने भिजलेला असतो. नवे पाणी शोषून घेण्याची त्याची क्षमता संपलेली असते. वरून जितके पाणी येते तितके तो खाली सोडून देतो.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदल्या गेलेल्या २४ तासांत कुल्लू खोऱ्यातील भुंतर व सेऊबाग आणि जवळचे बंजार येथे १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्याच काळात वर लाहौल-स्पितीकडे जाणारे रस्ते हिमाखाली बंद होते. सुमारे १,२०० मीटरवरील कुल्लूपासून जवळजवळ ४,००० मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीपर्यंतचे सरळ अंतर फार नाही. पण वादळाच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे असतात. मार्च २०१५ च्या अखेरीस काश्मीर खोऱ्यातही हाच अनुभव आला. सततच्या पावसाने झेलमने पुराची पातळी ओलांडली आणि बडगाम जिल्ह्यातील लादेन या गावी भिजलेली टेकडी घरांवर खचून १६ जणांचा मृत्यू झाला. सहाच महिन्यांपूर्वीच्या, सप्टेंबर २०१४ च्या महापुरातून सावरत असलेल्या श्रीनगरकरांना मार्चमध्ये पुन्हा घरातील सामान वरच्या मजल्यावर न्यावे लागले.

कोरड्या हिवाळ्यानंतरचे हिम

२०२५ चा जानेवारी महिना काश्मीरमध्ये अत्यंत कोरडा गेला होता. मुघलकालीन बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या अनंतनाग जिल्ह्यातील अचबल येथील झरा फेब्रुवारीत आटला, आणि ज्या गावांच्या नळयोजना त्यावर अवलंबून होत्या तेथे भर हिवाळ्यात पाण्याची ओरड झाली. या पार्श्वभूमीवर महिनाअखेरच्या वादळाचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. 'तूट भरून निघाली' असा एकंदर सूर होता. हा सूर हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा नसला, तरी डोंगराच्या दृष्टीने तो अपुरा आहे.

याचे कारण हिमाच्या थरात दडलेले आहे. हिवाळ्याच्या आरंभी थोडेसे हिम पडून नंतर अनेक आठवडे निरभ्र, कडाक्याच्या रात्री गेल्या की पातळ थराचा तळ जमिनीमुळे शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि पृष्ठभाग मात्र त्याहून कितीतरी थंड होतो. तापमानातील या तीव्र फरकामुळे बाष्प थरातून वर सरकत राहते आणि तळाशी मोठ्या, टोकदार, एकमेकांना न चिकटणाऱ्या स्फटिकांचा थर तयार होतो. जाड साखर मुठीत दाबून तिचा लाडू वळण्याचा प्रयत्न केल्यास जे होते, तेच या स्फटिकांचे होते. हिमवर्षाव नियमित झाला असता तर थर जाड राहून ही प्रक्रिया मंदावली असती. कोरडा हिवाळा असा पाया ठिसूळ करून ठेवतो आणि उत्तरहिवाळी वादळ त्यावर दोन-तीन दिवसांत संपूर्ण ऋतूचे ओझे टाकते. १ मीटर ताज्या, हलक्या हिमाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोग्रॅम असते; ओलसर हिमाचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. वाऱ्याने उडून आलेले हिम आडोशाच्या उतारावर याहूनही अधिक साचते. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा भार तोलला जात नाही, तेव्हा संपूर्ण लादी एकदम सुटते. त्यातच वितळरेषा वर सरकून हिमावर पाऊस पडला, तर कणांमधील उरलासुरला सांधाही सैल होतो.

माणा हे गाव सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. २८ फेब्रुवारीच्या पहाटे तेथील सीमा सडक संघटनेच्या छावणीतील ५४ मजूर हिमाखाली सापडले. लष्कर, इंडो-तिबेट सीमा पोलीस आणि आपत्ती निवारण दलांच्या प्रयत्नांनी ४६ जण वाचले, ८ जणांचा मृत्यू झाला. २ मार्च रोजी शोधकार्य संपले. मजूर पोलादी कंटेनरमध्ये राहत होते आणि त्या कंटेनरनीच अनेकांना श्वास घेण्यापुरती पोकळी दिली. येथे एक गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. चंडीगढ येथील संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेने (मनालीतील १९६९ पासूनची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये तिच्यातच विलीन झाली) आदल्या दिवशी सायंकाळीच चमोलीसह पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरील भागासाठी २४ तासांचा हिमस्खलनाचा इशारा दिला होता. म्हणजे विज्ञानाने आपले काम केले होते. परंतु हिमवर्षाव चालू असताना, अंधारात, ५४ माणसांची छावणी हलविणे शक्य नसते. छावणी कोणत्या उताराखाली असावी आणि कोणत्या महिन्यात रिकामी असावी, हा निर्णय उन्हाळ्यातच घ्यावयाचा असतो. रस्ता बारमाही उघडा ठेवण्याची गरज आणि त्या गरजेसाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या मजुराच्या निवाऱ्याची जागा, या दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात मांडल्या गेल्या पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरमधील वालटेंगू नाड या वस्तीवर अशाच एका उत्तरहिवाळी वादळात हिमस्खलन होऊन दीडशेहून अधिक लोक दगावले होते; तेथे तर प्रश्न छावणीचा नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांचा होता.

साठ्याचे मोल

या वादळांकडे केवळ आपत्ती म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. चिनाब, बियास, सतलज या नद्यांना एप्रिल ते जून या काळात मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग हिवाळी हिमाचा असतो. भाक्रा आणि पोंग धरणांचे उन्हाळ्यातील पाणी, पंजाब-हरियाणाची शेती आणि सफरचंदाच्या बागा त्यावर उभ्या आहेत. मात्र हिम केव्हा पडले यालाही महत्त्व आहे. चिल्लई कलानमधील हिम घट्ट होऊन टिकते, नंतरचे लवकर जाते, असे काश्मिरी शेतकरी सांगतात. यात तथ्य आहे. जानेवारीतील हिमाला गोठून दाट होण्यास अवधी मिळतो. फेब्रुवारीअखेरच्या हिमाला काही दिवसांतच चढते ऊन गाठते. साठ्याच्या नोंदवहीत दोन्हींची जमा सारखी दिसली, तरी मे महिन्यात झऱ्याला मिळणारे पाणी सारखे नसते.

महाराष्ट्राशी संबंध

द्रोणी असाधारण खोल असेल तर तिचा दक्षिणेकडील भाग मध्य भारतापर्यंत पोचतो. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात वारंवार झालेली गारपीट याच प्रकारच्या परिस्थितीतून उद्भवली होती. वरच्या थरांत आलेली थंड हवा आणि खाली अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट, उबदार हवा यांची गाठ पडून उंच ढग तयार झाले आणि गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे व डाळिंबे मातीमोल झाली. विक्षोभ निघून गेल्यावर हिमालयाकडून येणारे कोरडे वारे निफाडसारख्या ठिकाणी पारा खाली आणतात आणि द्राक्षबागायतदाराला पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. हिमाचलच्या बातम्या नाशिकच्या शेतकऱ्याने वाचाव्यात, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

पूर्वानुमानाचा प्रश्न

विक्षोभ येणार हे आता चार-पाच दिवस आधी बऱ्याच विश्वासाने सांगता येते. अडचण आहे ती वितळरेषेची. प्रचलित पत्रकांत 'बहुतेक ठिकाणी पाऊस अथवा हिमवर्षाव' अशा आशयाचे वाक्य असते. त्यातील 'अथवा' हा शब्दच खोऱ्यातील माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचाच उलगडा होत नाही. आल्प्स पर्वतातील देशांत दैनंदिन पूर्वानुमानात हिमवर्षाव किती मीटरपर्यंत खाली उतरेल हे आकड्यात दिले जाते. आपल्याकडे ते नियमितपणे देण्यात तांत्रिक अशक्यता नाही. वितळणाऱ्या हिमकणावर पाण्याचे आवरण चढते आणि तो डॉप्लर रडारच्या लहरी विलक्षण तीव्रतेने परावर्तित करतो. त्यामुळे रडारच्या चित्रात वितळण्याचा थर एका तेजस्वी पट्ट्याच्या रूपाने दिसतो. श्रीनगर, बनिहाल, जम्मू, कुफरी, जोत, मुक्तेश्वर, सुरकंडा अशा ठिकाणी आज रडार बसविलेले आहेत. डोंगरांच्या आडोशामुळे काही खोरी त्यांच्या दृष्टीआड राहतात, आणि ३,००० मीटरच्या वर तापमान मोजणारी केंद्रे विरळ आहेत, हे खरे. तरीही जेथे दिसते तेथे ती उंची लोकांपर्यंत पोचविता येईल.

हा आकडा हाती असेल तर त्याचा उपयोग कोणाला, हेही स्पष्ट आहे. रामबनजवळ महामार्गावर थांबलेल्या मालमोटारीच्या चालकाला पुढचा उतार दगडमातीने खचण्याचा संभव आहे की हिमाने बंद होण्याचा, हे कळेल. कुल्लूतील नाल्याकाठच्या दुकानदाराला रेषा २,५०० मीटरच्या वर राहणार असल्यास संध्याकाळीच माल हलविता येईल. धरणावरील अभियंत्याला येणारे पाणी आज येणार की मे महिन्यात, याचा अंदाज बांधता येईल. आणि पृथ्वीच्या वाढत्या तापमानामुळे ही रेषा दर अंशामागे सुमारे १५० मीटर वर सरकत असल्याने, जुन्या माणसांच्या आठवणीत जेथे फेब्रुवारीत हिमच पडत असे, अशा गावांत आता पावसाच्या पाण्याचा निचरा होईल अशी गटारे बांधावी लागतील.